भाऊ, बॉल कोणत्या हातानं सोडायचा?

भाऊ,

पेपरात तुझा फोटो आला तो पासपोर्टवरचा होता, डोळे वटारलेला. खाली नेरच्या शाळेत किती वर्षं पीटी शिकवलीस, कबड्डीची कोणती टीम कुठवर नेलीस, मागे कोण कोण आहे, सगळं बरोबर छापलं होतं. मागे असलेल्यांत ‘एक बहीण’ आहे, ती मी. पण मला तुला जे विचारायचं होतं ते त्या चौकटीत मावणारं नव्हतं. त्या दिवशी भरल्या घरात, सगळ्यांसमोर, तू माझ्या डाव्या हातात प्रसाद का ठेवलास?

तू गेल्याला आज अठरा दिवस झाले. तेरवी झाली, पाहुणे गेले, तुझी पल्लवीही परवा अमेरिकेला परत गेली. काल वहिनीनं मला बोलावलं आणि एक कापडी पिशवी पुढे केली. “सिंधूताई, ही तुमची पपई घेऊन जा बाप्पा. डोळ्यासमोर असली की मले काही सुचत नाही.” पिशवीत तो बॉल होता आणि बॉलखाली तुझं हजेरीचं रजिस्टर. रजिस्टर मी काल दुपारी वाचलं, म्हणून आज लिहायला बसले. कागदावर मी अशी शुद्ध बोलते म्हणून हसू नको. उभी हयात ऑफिसात आवक-जावक लिहिण्यात गेली, पेन हातात आला की मराठी आपोआप इस्त्री करून बाहेर येते.

आठवते का, ही भानगड सुरू कशी झाली? आमचे हे गेल्यावर मी पांढरकवड्याचं घर आवरून नेरला येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. एका सकाळी तू चप्पल पायात तशीच ठेवून स्वयंपाकघरात घुसलास आणि माझ्या पोह्यांच्या कढईवर मोबाईल धरलास.

“सिंधू, हा मानूस पाय.”

“कोन हाये?”

“मले काय माहीत! पन त्याचं काम पाय. बाकावर बसून राह्यते. मंग मैदानात येते, एक लात मारते, अन् परत जाऊन बसते. बस. एवढ्याचीच नोकरी.”

“अन् बॉल?”

“बॉल समोरच्या टीमले देऊन टाकते.”

“आपला बॉल आपनच द्याचा? कायले?”

“तेच तर!” तू म्हणालास. तुझं हे ‘तेच तर’ मला लहानपणापासून माहीत होतं. एकदा ते तोंडातून निघालं की चार-आठ दिवस तुला जेवणखाण गोड लागायचं नाही.

आठवड्यानं तू परत आलास तो सगळं शिकूनच. माझ्या टेबलावर शेंगदाणे मांडलेस. अमेरिकन फुटबॉल नावाचा खेळ, नाव फुटबॉल पण पाय फारसा लागतच नाही. दहा वार पुढे सरकायला चार संधी मिळतात. तीन वाया गेल्या तर चौथीत आणखी धडपड करून जागेवरच बॉल गमवायचा, की लाथ मारून तो लांब नेऊन टाकायचा म्हणजे समोरच्याला दुरून यावं लागेल, हा प्रश्न. त्या लाथेला म्हणतात पंट. बॉल जमिनीवर ठेवून मारायचा नाही, हातातून सोडायचा आणि पडता पडता मारायचा.

“म्हंजे हरल्यावरची लात,” मी म्हटलं.

“नाही वं. हरन्याच्या आधीची,” तू म्हणालास आणि मांडलेले शेंगदाणे खाऊन टाकलेस.

त्या दिवाळीला पल्लवी आली. लोक पोरीकडून तिकडची सेंटं, चॉकलेटं मागवतात, तू बॉल मागवलास. हवा काढून, टॉवेलात गुंडाळून आणला होता तिनं. तू पंपानं फुगवलास आणि तो दोन्हीकडून टोकदार झाला तशी वहिनी म्हणाली, “ही तर पपई हाये.” तेव्हापासून पपई हेच नाव पडलं.

सत्तरीला टेकलेला रिटायर्ड पीटी मास्तर सकाळी सहा वाजता शाळेच्या ग्राउंडवर पपईला लाथा मारतोय, हे नेरसारख्या गावात किती दिवस लपून राहणार? फिरायला येणारे थांबून बघायचे. एकानं विचारलं, “सर, कोन्या पाखराचं अंडं हाये हे?” तू गंभीरपणे म्हणालास, “उबवून राह्यलो. निघालं की सांगतो.” पहिल्या दिवशी बॉल पुढे कमी आणि मागे जास्त गेला. एकदा तर तुझ्या नडगीवर आपटून भिंतीपलीकडच्या बकऱ्यांत पडला, आणि तो आणायला मलाच पाठवलंस.

मी तिथे फक्त मोबाईल धरायला येत होते, भाऊ. तू मारायचास, मी शूटिंग करायची, मग दोघं कडुनिंबाखाली बसून तुझी लाथ आणि त्या माणसाची लाथ शेजारी शेजारी लावून बघायचो. त्यातून एकेक गोष्ट हाती यायला लागली. बोटं पुढे ताणलेली हवीत आणि घोटा घट्ट, नाहीतर पाय बॉलला लागताच मऊ पडतो. बॉल बोटांना नाही, पावलाच्या वरच्या हाडावर घ्यायचा. पावलं दोनच, एक छोटं, एक मोठं, धावत यायचं नाही. नजर शेवटपर्यंत बॉलवर. आणि सगळ्यात अवघड म्हणजे हातातून सोडणं. “टाकू नको, सोड,” हे तू स्वतःलाच मोठ्यानं बजावत होतास. हात सरळ पुढे, बॉल आडवा, टोक किंचित आत, आणि बोटं अशी उघडायची की बॉलला कळलंही नाही पाहिजे. तुझा सराव म्हणजे लाथ न मारता नुसता बॉल सोडून बघणं. सपाट पडला तर सरळ वर उसळतो, कलला तर टणकन कुठंही पळतो.

हवेत किती वेळ राहतो ते तू मोजायचास. आजोबा खळ्यावर पायलीनं ज्वारी मोजताना पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणायचे नाहीत, ‘लाभ’ म्हणायचे, तसंच तू पाय लागताक्षणी ‘लाभ’ म्हणायचास आणि मग सावकाश ‘दोन’, ‘तीन’. व्हिडिओतल्या त्या माणसाचा बॉल पाच म्हणेपर्यंत वरच असायचा. आपण आपल्या वयाला शोभेल असं ठरवलं, तीन. पूर्ण तीन म्हणून झालं पाहिजे आणि तरी बॉल वर पाहिजे. तुझा बॉल ‘दोन’वर पडायचा. एकदा तर ‘ती’ म्हणालास आणि पडला, तेव्हा ‘ती’ धरायचा की नाही यावर आपण घरापर्यंत भांडलो.

“तू मोजलं असतं तर माहे बी तीन झाले असते,” तू म्हणालास. “तू पोपटावानी भरभर मोजते.”

“अन् तू मोजतो म्हैस चालल्यावानी.”

मग एक दिवस मी वैतागले. तुझं गुडघ्याचं रडगाणं चालू होतं, बॉल माझ्या पायाशी लोळत आला. “एवढं काय हाये त्यात!” म्हणून मी तो उचलला, सोडला आणि मारला. सलवार-कुर्ता, पायात कॅनव्हासचे बूट, एकसष्टाव्या वर्षी. ठप्प असा आवाज आला. तुझ्या लाथेला तसा आवाज कधी आला नव्हता. बॉल वर गेला पण वाकडा, पार डावीकडे, बकऱ्यांत.

तू बॉलकडे पाहिलंच नाहीस. माझ्या पायाकडे बघत होतास.

“तुहा पाय डावा हाये,” तू म्हणालास.

“मंग? पाय तरी ठेवा माहा मले.”

मी हसून म्हटलं होतं, पण तू हसला नाहीस. मला वाटतं आपल्या दोघांनाही एकदमच आठवलं.

मी पाच वर्षांची, तू अकराचा. मी डाव्या हातानं जेवायची, डाव्या हातानं पाटीवर रेघोट्या मारायची. बाबांना ते खपत नव्हतं, कोर्टातल्या कारकुनाच्या घरी डाव्या हातानं जेवणारी पोरगी! त्यांनी ते काम तुझ्याकडे दिलं. रोज सकाळी तू माझा डावा हात फ्रॉकच्या पट्ट्याला बांधायचास. आईच्या जुन्या लुगड्याची हिरवी किनार होती ती. गाठ पक्की बसली का ते दोनदा ओढून बघायचास, कारण हाती घेतलेलं काम तू तेव्हाही अर्धवट सोडत नव्हतास. वर्षभरात उजवा हात तयार झाला. सिंधू एकदाही रडली नाही, असं तू पुढे लोकांना कौतुकानं सांगायचास. रडायची रे. तू शाळेत गेल्यावर रडायची.

पायाकडे मात्र कोणाचं लक्ष गेलं नाही. पायानं कोणी जेवत नाही की देवाला फूल वाहत नाही. त्यामुळे तो तसाच राहून गेला.

त्यानंतर मोबाईल तुझ्या हातात आला आणि लाथा मी मारायला लागले. पाय माझा जोरदार, हे तूही मान्य करायचास, पण बॉल काही सरळ जाईना. दहातले नऊ कलायचे. तू म्हणायचास, सोडतानाच बॉल मरते. मी म्हणायची, सोडणं बरोबर आहे, पायच तिरपा लागतो. तू माझी पावलं चुन्यानं आखलीस, कंबर वळते का पाहिलंस, बुटाची नाडीसुद्धा बाजूला बांधायला लावलीस. पावसाळा गेला, कापूस घरात यायला लागला, तरी आपलं भांडण सुटलं नव्हतं. खरं सांगू? ते सुटावं असं मला वाटतही नव्हतं. इतक्या वर्षांनी सकाळी उठून जायला काहीतरी होतं, आणि तिथे माझी वाट बघणारं माणूस होतं.

मग तू विचित्र वागायला लागलास. बॉल सोडण्याचं नावच काढेनास. लाथा बंद. त्याऐवजी म्हणायचास, “बॉल डाव्या हातात धर अन् ग्राउंडले एक चक्कर मार.”

“कायले?”

“मारून तर पाय.”

एक दिवस म्हणालास, ग्राउंडवरचे खडे वेच, डाव्या हातानं. एक दिवस चहा दिलास तो माझ्या डाव्या बाजूला येऊन. मी उजवा हात पुढे केला की कप मागे घ्यायचास. मला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. वहिनीला विचारलंही, “भाऊ घरी ठीक हाये ना?” तिनं उलट मलाच विचारलं, “काहून, काय झालं?”

आणि मग ती पूजा. तुमच्या घरचा सत्यनारायण, बैठक भरलेली. तू शिऱ्याचा डबा घेऊन एकेकाला प्रसाद देत माझ्यापर्यंत आलास. मी उजवा हात पुढे केला. तू तो हळूच बाजूला सारलास.

“डावा कर.”

“भाऊ, देवाचं हाये.”

“माहीत हाये. डावा कर.”

मी केला नाही, तर तूच माझा डावा हात धरून उघडलास आणि त्यात शिरा ठेवलास. शेजारच्या काकू “व माय!” म्हणाल्या. सगळी बैठक माझ्या हाताकडे बघत होती आणि मला पाच वर्षांची झाल्यासारखं वाटलं. मग जे तोंडातून निघालं ते पन्नास-पंचावन्न वर्षं आत बसलेलं होतं.

“साठी उलटली माही! अजून तुह्याच हुकमानं हात पुढे करू? लहानपनी बांधून ठेवला, आता चार लोकांत हसू करून राह्यला. माहा हात हाये का तुह्या शाळेची घंटी, मनात आलं की वाजवाले?”

तू डबा घेऊन उभा होतास. मी तो शिरा तुळशीपाशी ठेवला आणि घरी निघून आले. प्रसाद खाल्ला नाही, तुझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

चार दिवस मी ग्राउंडवर गेले नाही. तू गेलास, मला गच्चीवरून दिसायचं. बॉल न घेता नुसताच कडुनिंबाखाली बसलेला असायचास. मी म्हटलं, बसू दे, जरा कळू दे. पाचव्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला. झोपेतच गेलास म्हणे. भाऊ, इतकी कसली घाई होती रे? सहाव्या दिवशी मी येणार होते. डब्यात शिरा घेऊन येणार होते आणि तुझ्याशी पोटभर भांडणार होते.

आता रजिस्टर. शाळेचं कोरं उरलेलं, पिवळ्या पुठ्ठ्याचं. नाव, सराव, शेरा, असे रकाने. विद्यार्थी दोन, तू आणि मी. स्वतःलाही शेरे दिलेत, ‘गुडघा दुखतो. बहाणा.’ हे वाचून मी एकटीच हसले. माझ्या रकान्यात महिनोन्महिने एकच, ‘पाय उत्तम. घोटा घट्ट. बॉल डावीकडे. कारण?’ आणि खाली पुन्हा, ‘कारण?’ तुझं ते ‘तेच तर’ मला पानापानावर ऐकू येत होतं.

मग एका पानावर तुझं अक्षर बदललंय, घाईत लिहिल्यासारखं. ‘आज डावखुऱ्या पंटरचा व्हिडिओ सापडला. बॉल पायाच्याच बाजूच्या हाताने सोडतो. पाय डावा तर हात डावा. सिंधू उजव्याने सोडते म्हणून बॉल अंगावरून आडवा येतो. येणारच. सिंधूला सांगणे.’

मी वाचता वाचता उठून उभी राहिले. एवढं साधं! इतके महिने आपण पाय तपासत होतो, कंबर तपासत होतो, चुन्यानं पावलं आखत होतो, आणि सोडणारा हात कोणता हे बघायचं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. कसं सुचणार? आपल्या घरात काही धरायचं, काही द्यायचं, काही सोडायचं ते उजव्यानंच. तुला ते सांगायचं कारण नव्हतं आणि मला विचारायचं.

पुढच्या ओळीत, ‘सांगणे.’ त्याच्या खाली, ‘सांगणे राहिले.’ असं मी मोजलं, अकरा वेळा. मग, ‘कोणत्या तोंडाने सांगू? तो हात मीच बांधला.’ त्याखाली, ‘आधी हात जागा करू. मग सांगू.’ आणि तुझे ते व्यायाम, चक्कर, खडे, चहाचा कप, सगळे तारीखवार, वर्गाला आखून द्यावेत तसे.

पूजेच्या दिवशीचं असं आहे. ‘प्रसाद डाव्या हातात दिला. देवाचं त्या हातात पडलं तर तिला वाटेल आता हात मोकळा, असं मनात होतं. चिडली. बरोबर आहे.’ आणि शेऱ्याच्या रकान्यात, ‘चूक विद्यार्थिनीची नाही. शिक्षकाची.’

त्यानंतर पानं कोरी आहेत.

मूर्खा! एक वाक्य होतं रे. “सिंधू, डाव्या हातानं सोडून पाय.” एवढंच म्हणाला असतास तर मी सोडून पाहिला असता, आणि झालं असतं. पोरांना भर ग्राउंडवर दणदणीत आवाजात शिकवणारा तू, माझ्याजवळ अकरा वेळा गप्प बसलास. माफी मागायची ती अशी? बहिणीला खडे वेचायला लावून? काल संध्याकाळपर्यंत मी तुझ्यावर चिडले होते, आणि चिडता चिडता मला कळलं की मी रडतेय, आणि डोळे पुसतेय त्या डाव्या हातानं.

मीही कुठे काही बोलले म्हणा. तू बांधणारा होतास, पण तूही अकराचाच होतास. गाठ ओढून बघताना तुझा खालचा ओठ दाताखाली असायचा. आवडायचं नाही रे तुलाही ते काम. हे मला तेव्हाही कळत होतं आणि मी तुला ते कधी सांगितलं नाही. आज सांगतेय.

आज सकाळी मी ग्राउंडवर गेले. बॉलमधली हवा जरा कमी झाली होती, पण चालण्यासारखी. आधी तुझा सराव केला, लाथ नाही, नुसतं सोडणं. डावा हात पुढे केला. त्याला सवयच नाही काही सोडायची. पहिल्यांदा बॉल टणकन पळाला. दुसऱ्यांदा पळाला. किती वेळा ते मोजलं नाही, पण ऊन भिंतीवर आलं तेव्हा एकदा तो सपाट पडला आणि सरळ वर माझ्याकडेच उसळला. फिरायला आलेल्या त्या अंडेवाल्यानं लांबूनच विचारलं, “ताई, एकट्याच?” मी म्हटलं, “हो.” तो थांबला नाही, मान खाली घालून गेला.

मग छोटं पाऊल, मोठं पाऊल. हात सरळ, टोक किंचित आत. बोटं उघडली. ठप्प.

मोजायला कोणी नव्हतं, म्हणून मीच ‘लाभ’ म्हटलं. बॉल डावीकडे गेला नाही, भाऊ. सरळ गेला, कडुनिंबाच्या शेंड्याच्या जरा खाली, आणि गिरक्या घेत होता, त्या माणसाचा घेतो तशा. ‘दोन’ म्हटलं. ‘तीन’ म्हटलं. तीन पूर्ण म्हणून झालं, तोंड मिटलं, आणि तरी तो वरच होता. मग पडला.

घरी येऊन रजिस्टर उघडलं. तुझ्या शेऱ्याच्या खाली आजचा शेरा लिहिला. ‘तीन. सावकाश मोजून.’ पेन डाव्या हातात धरला होता, त्यामुळे अक्षर पाच वर्षांच्या पोरीचं आलंय.